चांदोरकर सरांचे चार सेकंद

दिनानाथ चांदोरकर सर गणित शिकवायचे आणि मी जीवशास्त्र. इंदूरच्या ज्या शाळेत आम्ही दोघं होतो, तिथल्या स्टाफरूममध्ये सव्वीस वर्षं त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती. त्यामुळे त्यांच्या डब्यात सोमवारी काय असतं ते मला माहीत होतं, त्यांचं पाठीचं दुखणं माहीत होतं, आणि कुस्तीचं वेड तर सगळ्या शाळेलाच माहीत होतं. ही गोष्ट मात्र त्यांनी मला ती घडल्यावर अकरा वर्षांनी सांगितली. तीही एका बैठकीत नाही. थोडी आज, थोडी आठ दिवसांनी, मध्येच थांबून चष्मा पुसत.

सरांचे वडील मिलच्या गेटवर हजेरी लिहायचे. रविवारी ते दिनानाथला कुस्त्यांची दंगल बघायला घेऊन जायचे, खांद्यावर बसवून. सर अंगानं किडकिडीत, लहानपणापासून जाड चष्मा. आखाड्यात उतरायचं धाडस त्यांना कधी झालं नाही, पण आखाड्याची कड सुटलीही नाही. शाळेत लागल्यावर दुसऱ्याच वर्षी शालेय कुस्ती स्पर्धेत वेळ धरायला माणूस मिळेना, तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्यांना ओढून टेबलावर बसवलं. हातात स्टॉपवॉच, समोर पितळेची घंटा. तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं. बत्तीस किलोचा असो की बहात्तर किलोचा, इंदूर संभागातला, म्हणजे आमच्या विभागातला, कुठलाही शाळकरी पहिलवान चांदोरकर सरांच्या घंटेवर लढलेला असायचा.

ज्या कुस्तीबद्दल सांगायचं आहे ती २०१३ सालची. सतरा वर्षांखालच्या मुलांची, अठ्ठावन्न किलो वजनगटाची संभागीय फायनल. एका बाजूला आमच्या शाळेचा रजत जगदाळे, अकरावीचा, सरांच्याच वर्गातला. दुसऱ्या बाजूला इंदूरजवळच्या बेटम्याचा देवांश काटे. देवांशचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते म्हणे. आता घरी सोयाबीन आणि बटाट्याची शेती. या दोघांची गाठ तीन वर्षं पडत होती. पहिल्या वर्षी देवांश जिंकला, दुसऱ्या वर्षी रजत. एकमेकांचे डाव दोघांना पाठ होते. वजनाच्या रांगेत ते शेजारी उभे राहून गप्पा मारायचे आणि मॅटवर आले की एकमेकांना ओळखही देत नसत.

देवांशला शिकवलं होतं बेटम्याच्या रामभाऊंनी. साठीचे, कुस्तीत मोडलेल्या कानाचे, जुन्या तालमीतले उस्ताद. त्यांची एक खास शिकवण होती: लढताना मनात सेकंद मोजायचे. पंचांची शिट्टी झाली की मोजणं थांबवायचं, पुन्हा शिट्टी झाली की पुढून सुरू करायचं. "बोर्ड बंद पडू शकतो, माणूस बंद पडत नाही," असं ते म्हणायचे. पोरांना ते तासन्‌तास एका पायावर उभं करून मोजायला लावत.

त्या दिवशी बोर्ड खरंच बंद पडला. दुसऱ्या फेरीच्या आधी वीज गेली. पंखे थांबले, गुण आणि वेळ दाखवणारा फलक काळा झाला. हॉलला उंच खिडक्या होत्या, उजेड पुरेसा होता, म्हणून पंचांनी ठरवलं की कुस्ती थांबवायची नाही. वेळ आता फक्त चांदोरकर सरांच्या हातातल्या स्टॉपवॉचमध्ये होती. इतर कुणालाच ती दिसत नव्हती.

दोन मिनिटांची फेरी. देवांश सहा, रजत पाच. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा हॉलमधली सगळी माणसं उभी होती. देवांशनं रजतचे दोन्ही हात मनगटापाशी असे जखडले होते की रजतला काही सुचत नव्हतं. तो ढकलत होता, फिरत होता, डोकं खाली घालत होता. पकड सुटत नव्हती. सर मला म्हणाले, "इतकी सुंदर पकड मी त्याआधी बघितली नव्हती. मी बघतच राहिलो. घड्याळ हातात होतं, पण मी घड्याळाकडे बघतच नव्हतो."

मग देवांशनं एकाएकी पकड सोडली. सरळ उभा राहिला, श्वास सोडला. त्याच क्षणी रजत खाली घुसला, दोन्ही पायांना कव घालून त्यानं पट काढला आणि देवांशला मॅटवर आपटलं. पंचांनी दोन गुणांसाठी दोन बोटं वर केली. हॉल दणाणला. आणि त्या आवाजानं भानावर येऊन सरांनी घंटा वाजवली.

वाजवल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं, चार सेकंद आणि वर थोडं.

सर सांगत होते तेव्हा त्यांचा अंगठा टेबलावर हलत होता. "एक बटण दाबलं की आकडा राहतो, दुसरं दाबलं की जातो," ते म्हणाले. "मी दुसरं दाबलं. विचार करून नाही दाबलं, पण दाबलं मीच."

तोवर रामभाऊ टेबलापाशी आले होते. आरडाओरडा नाही, काही नाही. धोतराचा सोगा सावरत वाकून त्यांनी विचारलं, "मास्साब, टाइम बरोबर होता ना? पोराची गिनती पूर्ण झाली होती, म्हणून विचारतो."

सर म्हणाले, "बरोबर होता."

"मग ठीक," रामभाऊ म्हणाले. "तुम्ही म्हणता तर बरोबरच." नमस्कार करून ते मागे फिरले.

पंचांनी रजतचा हात वर केला. देवांशनं रजतला मिठी मारली, त्याच्या पाठीवर थाप दिली, मग रीतीप्रमाणे तो टेबलावरच्या सगळ्यांना भेटायला आला. बाकीच्यांशी त्यानं हात मिळवला. चांदोरकर सर वयानं मोठे आणि शिक्षक, म्हणून त्यांच्या पाया पडला. तो वाकलेला असताना त्याच्या मानेवरचा घाम सरांना दिसत होता. मागून रामभाऊंचा आवाज आला, अगदी हळू, पण सरांनी ऐकला: "घंटीच्या आधी हात सोडला, तर तो पहिलवान कसला रे?"

यानंतरचं सरळ आहे. रजत राज्य स्पर्धेला गेला, तिथं जिंकला, पुढच्या वर्षी शालेय राष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक आणलं. आमच्या शाळेच्या जिन्यात त्याचा फोटो लागला. पुढं खेळाचं कॉलेज, डिप्लोमा, आणि आता इंदूरच्याच विजय नगरातल्या एका खाजगी शाळेत तो कुस्तीचा कोच आहे. देवांश त्या फायनलनंतर एकच वर्ष खेळला. पहिल्याच फेरीत हरला. मग ऐकलं की त्यानं कुस्ती सोडली.

सर टेबलावर बसतच राहिले, रिटायर झाल्यावरही. पण त्या दिवसानंतर त्यांनी एक नियम केला. कुस्ती सुरू झाली की नजर घड्याळावरून काढायची नाही. कोण जिंकलं हे त्यांना टाळ्यांवरून कळायचं. ज्या माणसानं जन्मभर कुस्तीसाठी जीव टाकला, त्यानं दहा-अकरा वर्षं एकही कुस्ती डोळ्यांनी पाहिली नाही. आणि गंमत अशी, गंमत म्हणू नये पण, की याचंच सगळीकडे कौतुक झालं. "चांदोरकर सर म्हणजे चांदोरकर सर," पंच म्हणायचे, "बाजूला बॉम्ब फुटला तरी नजर हलणार नाही." सर हे ऐकून मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटायचा. मलाही वाटायचा.

गेल्या वर्षी, म्हणजे सर रिटायर होऊन दोन वर्षं झाल्यावर, स्पर्धेच्या आयोजकांनी त्यांचा सत्कार ठरवला. तीस वर्षं निर्दोष वेळ धरल्याबद्दल मानपत्र. आयोजकांत रजतही होता, आणि कल्पना मूळ त्याचीच. तो लोकमान्य नगरात सरांच्या घरी आला, सोफ्यावर पाय दुमडून बसला आणि म्हणाला, "सर, देवांशला पण बोलवू या ना. काटे, बेटम्याचा. याद आहे? त्याच्यासारखा जोडीदार मला पुन्हा मिळालाच नाही. नॅशनलला पण नाही. मी फोन केला तर तो टाळेल. तुम्ही गेलात तर तो नाही म्हणणार नाही."

सरांच्या पत्नी, सुहासिनीवहिनी, पोहे घेऊन आल्या तेव्हा सरांच्या कपाळावर घाम होता. नोव्हेंबरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी गंगवाल स्टँडवरून धारची बस धरली आणि बेटम्याला उतरले. देवांशचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान मेन रोडवरच आहे. अठ्ठावीस वर्षांचा, जाडजूड झालेला, हातांना ग्रीस. सरांना पाहिल्याबरोबर त्यानं हात पुसले आणि पुन्हा पाया पडला.

"अरे सर! तुम्ही कुठं इकडं? बसा, बसा. चाय सांगतो."

सरांनी पत्रिका दिली. देवांशनं ती दोनदा वाचली.

"रजतनं मुद्दाम तुझं नाव सांगितलं," सर म्हणाले.

"रजत भियाचं चांगलं झालं, सर. मला खरंच आनंद आहे. तो लायक होता." मग हसून म्हणाला, "चूक माझीच होती ना. घंटीच्या आधी हात सोडला. उस्तादांनी इतकं शिकवलं, आणि ऐन वेळी माझी गिनतीच कच्ची निघाली. त्यानंतर मॅटवर उतरलो की मोजायचा धीरच होईना. आकडे मध्येच गायब. आणि मोजल्याशिवाय मला लढताच येत नव्हतं."

सरांच्या हातात चहाचा ग्लास होता. त्यांनी तो खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"उस्ताद कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"गेले ना सर. दोन साल झाले."

निघताना देवांशनं घरच्या शेतातल्या लसणाची पिशवी सरांच्या हातात दिली. सरांनी ती घेतली, बसमध्ये बसले आणि एक शब्दही न सांगता परत आले.

लसूण पाहून वहिनी खूश झाल्या. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. वीज, पकड, चार सेकंद, बटण, रामभाऊ. वहिनी लसूण निवडत ऐकत होत्या. सर थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही मुद्दाम उशीर केलात का?"

"तेच तर मला ठरवता येत नाही," सर म्हणाले. "मी पकड बघत होतो हे खरं. पण रजत आपल्या शाळेचा होता. त्याला आणखी एक संधी मिळावी असं मनात कुठंतरी असेल तर? मी अकरा वर्षं स्वतःला विचारतोय. उत्तर येत नाही."

"आणि हे मला सांगून काय उपयोग?" वहिनी म्हणाल्या. "कुस्ती मी हरले होते का?"

चौथ्या दिवशी सर पुन्हा बेटम्याला गेले. या वेळी बसले नाहीत. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत काउंटरजवळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "देवांश, तुझी गिनती बरोबर होती. घंटा मी उशिरा वाजवली. चार सेकंद. रामभाऊंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

देवांशला आधी कळलंच नाही. "कुठली घंटा?" तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलत गेला.

"चार सेकंद?"

"थोडे वरच. मी घड्याळात पाहिलं होतं."

"मतलब मी हात सोडला तेव्हा..."

"तेव्हा वेळ संपली होती. तू जिंकला होतास."

देवांश स्टुलावर बसला. समोरच्या ट्रेमध्ये बोल्ट होते, ते तो एकेक करून उचलायला आणि परत टाकायला लागला. मग म्हणाला, "फायनलचं नाही वाटत सर. फायनल गेली तर गेली. पण उस्ताद गेले ते मला कच्चा समजून गेले. दवाखान्यात मी त्यांच्या जवळ बसलो होतो. तेव्हा पण माझ्या डोक्यात तेच होतं, की या माणसाचं एक शिक्षण मी फुकट घालवलं. त्यांना आता कोण सांगणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही त्या दिवशी आलात," देवांश म्हणाला, "माझा चाय प्यायलात, माझ्या तोंडून ऐकून घेतलंत की चूक माझी होती. आणि लसूण घेऊन गेलात."

"हो."

"आता जा तुम्ही. मी काही उलटंसुलटं बोलेन, आणि तुम्ही मोठे आहात. जा."

तिथून सर घरी गेले नाहीत. तसेच विजय नगरला, रजतच्या शाळेत गेले. दुसऱ्या मजल्यावर मॅटचा हॉल आहे. मुलं घरी गेली होती. रजत एकटाच ओल्या फडक्यानं मॅट पुसत होता. सरांनी उभ्या उभ्या त्यालाही तेच सांगितलं.

रजत पुसता पुसता थांबला. "मी काय केलं सर यात?"

"तू काहीच केलं नाहीस. तू घंटेपर्यंत लढलास."

"मग मला का सांगताय?" त्याचा आवाज चढला. "माहीत आहे तुम्हाला, तो पट मी पोरांना आजपण सांगतो. हर बॅचला. की हात जखडलेले होते, कुणाला आशा नव्हती, तरी शेवटच्या सेकंदाला गेलो. माझ्या लाइफमधला सगळ्यात भारी पट होता तो."

"होताच, रजत."

"नव्हता सर! तुमच्या हिशेबानं तो झालाच नव्हता."

सर म्हणाले की सत्काराच्या वेळी ते हे सगळ्यांसमोर सांगणार आहेत, रजतचं नाव न घेता.

"नाव घ्यायची गरजच काय? लाइट गेलेली फायनल सगळ्यांना याद आहे."

"मग तूच सांग, काय करू? तू नको म्हणालास तर नाही बोलणार."

रजतनं फडकं पिळलं. "नाही सर. हे पण तुम्ही माझ्यावर टाकू नका. मी नको म्हणालो तर उद्यापासून ते खोटं माझं झालं. तुम्हाला जे करायचं ते करा." आणि तो परत मॅट पुसायला लागला, जिथं आधीच पुसलं होतं तिथंच.

सत्काराला मी होते. वहिनींच्या शेजारीच बसले होते. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून सर माईकजवळ गेले आणि खिशातून कागद काढला तेव्हा मला वाटलं आभाराचं भाषण असणार. शाल अजून त्यांच्या खांद्यावर घालायची होती. त्यांनी कागद उलगडला, वाचायला सुरुवात केली, मग कागद बाजूला ठेवला.

"माझ्या मानपत्रात निर्दोष असा शब्द आहे," ते म्हणाले. "तो खोटा आहे. अकरा वर्षांपूर्वी एका फायनलमध्ये मी घंटा चार सेकंद उशिरा वाजवली. ती चूक होती, चूक कुणाचीही होते. पण नंतर मी घड्याळातला आकडा पुसला, आणि एका सज्जन उस्तादांनी विचारलं तेव्हा वेळ बरोबर होती असं सांगितलं. त्यामुळे जो मुलगा जिंकला होता तो हरला. जो जिंकला त्यानं कसलाही गैरप्रकार केला नव्हता. दोघांचीही मी माफी मागतो. हा सत्कार मला घेता येणार नाही."

हॉलमध्ये शंभरेक मुलं आणि त्यांचे शिक्षक होते. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली; सरांनी हात वर करून, जवळजवळ ओरडून, "नको, नको" म्हटलं. मी रजतला शोधलं. तो मागच्या रांगेत आपल्या मुलांमध्ये बसला होता. एका मुलानं त्याच्याकडे वळून काहीतरी विचारलं. रजत उठला आणि बाहेर गेला. देवांश आलाच नव्हता.

सरांनी आयोजकांना लेखी पत्रही दिलं, निकाल बदलावा म्हणून. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं: इतक्या वर्षांनंतर निकालात फेरबदल करण्याची तरतूद नाही. शहरात दोन प्रकारची माणसं निघाली. काहींच्या मते सरांना म्हातारचळ लागला होता. काही त्यांना रस्त्यात थांबवून म्हणायचे, "सर, मोठं मन लागतं याला." सरांना दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा जास्त त्रास व्हायचा. ते रस्ता बदलून जायला लागले.

एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. रामभाऊंना कोण सांगणार? डिसेंबरात त्यांनी देवांशला फोन केला. "उस्तादांच्या घरी कुणी आहे का?"

"काकी आहेत," देवांश तुटकपणे म्हणाला. "तालमीच्या मागंच राहतात." मग थोडं थांबून, "या. मी नेतो."

रामभाऊंच्या पत्नी इंदिराबाई ओसरीवर उन्हात बसून हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. देवांशनं ओळख करून दिली आणि तो खांबाला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून. सर समोर जमिनीवर बसले. त्यांनी पुन्हा एकदा तेच सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही ते घंटीवाले मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या. "हे त्या दिवशी घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, इंदिरा, पोराची गिनती चुकू शकत नाही. मी त्याला तीन साल मोजायला लावलंय. घोळ टेबलावर झालाय."

देवांशच्या हातांची घडी सुटली. "उस्ताद असं म्हणाले?"

"म्हणाले म्हणजे? चार वेळा म्हणाले. मी म्हटलं, मग जाऊन भांडा की. तर म्हणाले, मी विचारलं. मास्तर बरोबर म्हणाला. मास्तर माणूस खोटं कशाला बोलेल? त्याची पण चूक झाली असेल, त्याला पण कळली नसेल."



"पण मग मला का बोलले?" देवांश खांब सोडून पुढं आला. "हात सोडला म्हणून मला तिथल्या तिथं का बोलले?"

"अरे वेड्या, त्यांनी तुला सांगितलं असतं की टेबलाची चूक आहे, तर तू जन्मभर टेबलाच्या नावानं खडे फोडत बसला असतास. घंटी वाजेपर्यंत सोडायचं नाही, एवढंच त्यांना तुला शिकवायचं होतं. तू कुस्तीच सोडून देशील असं कुठं वाटलं त्यांना? त्याचंच वाईट वाटायचं. शेवटी शेवटी म्हणायचे, मी बोललो ते त्याला जास्तच लागलं. तुला बोलावून सांगणार होते. राहिलं."

देवांश ओसरीवरून उतरला आणि तालमीच्या बाजूला गेला. बराच वेळ तिकडंच होता. इंदिराबाई भाजी खुडत राहिल्या. सरांनी त्यांच्यासमोर हात जोडले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यापुढं हात जोडून काय होणार मास्तर? माझे तर गेले."

देवांशनं त्यांना मोटरसायकलवर बसस्टॉपला सोडलं. बस दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "सर, मी माफ केलं असं नाही म्हणणार. मला ते अजून येत नाहीये. झूठ कशाला बोलू?"

"मी मागायला आलो नव्हतो," सर म्हणाले.

"पण तुम्ही आला नसता तर काकींचं हे ऐकायला मिळालं नसतं. ते पण खरं आहे." त्यानं मोटरसायकल वळवली.

फेब्रुवारीत रजत एकटाच बेटम्याला जाऊन आला. दोघांत काय बोलणं झालं ते सरांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. मात्र त्यानंतर दर शनिवारी दुपारी दुकान भावाकडे सोपवून देवांश विजय नगरला यायला लागला. मुलांना मनगटाची पकड शिकवतो. रजत स्वतः मॅटवर उतरतो आणि देवांशला आपले हात जखडू देतो, म्हणजे मुलांना नीट दिसावं.

मी एकदा सरांना विचारलं, सांगून टाकल्यावर हलकं वाटलं का. ते म्हणाले, "नाही हो. आधी ते माझ्या एकट्याजवळ होतं. आता रजतचा तो पट गेला, इंदिराबाईंना उगाच जुनं आठवलं. माझ्यामुळे एकदा झालं होतं, ते माझ्यामुळेच दुसऱ्यांदा झालं. आणि तरीही सांगायलाच हवं होतं. या दोन गोष्टींची बेरीज मला जमत नाही."

मार्चमध्ये रजतचा मेसेज आला. चार महिन्यांतला पहिला. त्यात नमस्कार नव्हता. त्याच्या हॉलमधली सहा मुलं आता दहावीत जाणार आहेत, गणितात गटांगळ्या खातायत, शनिवारी एक तास देता येईल का, एवढंच होतं. सरांनी वहिनींना तो दोनदा वाचून दाखवला आणि त्याच शनिवारी गेले. मॅटच्या हॉलशेजारी एक छोटी खोली आहे, तिथं ते आता त्रिकोणमिती शिकवतात. भिंतीपलीकडून पडण्या-उठण्याचे आवाज येत असतात. देवांश येता-जाता दारात थांबतो, कधी "नमस्कार सर" म्हणतो, कधी नुसता बघून पुढं जातो. रजत त्या खोलीत अजून आलेला नाही. पण तासाच्या मध्यावर चहा पाठवतो. सर बिनसाखरेचा घेतात, हे त्याला माहीत आहे.